ओटी करून पुढे काय? संशोधन, नेतृत्व आणि आमची रजिस्टरं

मृण्मयी_ओटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

गेल्या आठवड्यात डबा खाताना आमच्या विभागातल्या इंटर्नने विचारलं, "मॅडम, ओटी करून पुढे काय? सीनियर थेरपिस्ट झालं की संपलं का?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. चौदा वर्षं मुंबईत एका मोठ्या सरकारी रुग्णालयात काम करते आहे. हा प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारलाच नव्हता, हे त्या मुलीसमोर बसल्यावर कळलं.

ज्यांना ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर वाटतं त्यांच्यासाठी: ही ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. यातला 'व्यवसाय' म्हणजे नोकरीधंदा एवढंच नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत माणूस जे जे करतो, दात घासणं, शर्टाची बटणं लावणं, लोकलमध्ये चढणं, शाळेत वहीत लिहिणं, ते सगळं. आजाराने किंवा अपघाताने त्यातलं काही हातातून गेलं की ते परत मिळवून देणं, किंवा वेगळ्या रीतीने करायला शिकवणं, हे आमचं काम.

आता मूळ मुद्दा. दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागाची दोन रिकामी पदं भरायची की नाही यावर बैठक झाली. मला बोलावलं होतं. वरिष्ठांनी साधा प्रश्न विचारला: "तुमच्या उपचारामुळे गेल्या वर्षी किती रुग्ण परत कामाला लागले?" माझ्यापुढे रजिस्टरांचा गठ्ठा होता. नाव, वय, निदान, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'स्प्लिंट १' (हाताला आधार द्यायची पट्टी), 'एडीएल १' (रोजच्या कामांचा सराव). रोजची संख्या भरपूर होती, पण कोण कामाला लागलं ते कुठेच नव्हतं. मी तोंडी सांगत राहिले, चांगलं सांगितलं असं मला वाटलं. पदं दुसऱ्या विभागाकडे गेली.

घरी येताना मला एक काकू आठवत होत्या. साताऱ्याकडच्या, वय ५८, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली. बार्थेल इंडेक्सवर त्यांचे गुण शंभरपैकी ९०. कागदावर जवळजवळ बऱ्या. बार्थेलमध्ये दहा गोष्टी विचारतात: जेवण, अंघोळ, कपडे, जिना वगैरे. मी काकूंना विचारलं, तुम्हाला काय यायला हवंय? त्या म्हणाल्या, "भाकरी थापता आली पाहिजे. सून चांगली आहे हो, पण मला मागून खावं लागतं."

मग आम्ही विभागात परात आणली. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. पहिल्या दिवशी उजवा तळवा नुसता पिठावर पडायचा. दाब करंगळीच्या बाजूला जास्त, अंगठ्याकडे काहीच नाही, त्यामुळे भाकरी एकीकडे जाड आणि दुसरीकडे काठ फाटलेला. डाव्या हाताने भाकरी फिरवायची आणि उजव्याने थापायची, हा दोन्ही हातांचा ताल जमायला तीन आठवडे लागले. आठव्या आठवड्यात त्यांनी घरून फडक्यात बांधून भाकरी आणली. सगळीकडे सारखी, पूर्ण गोल. आम्ही सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला.

रजिस्टरात त्या दिवशी मी लिहिलं: 'एडीएल १'.

मला त्या बैठकीत हरायला लावलं ते या रकान्याने. आणि तिथूनच मला वाटायला लागलं की आमच्या क्षेत्रात नेतृत्व आणि संशोधन या दोन वेगळ्या वाटा नाहीतच. ज्याच्याकडे स्वतःच्या कामाची नोंद आहे त्यालाच टेबलावर बोलता येतं. तर ओटीतले लोक असतील त्यांनी सांगा, तुम्ही काय केलंत? पीएचडीकडे कोणी गेलंय का? आणि बाकीच्यांनीही लिहा, घरातल्या कुणाला थेरपी लागली असेल तर तुमचा अनुभवही हवा आहे.

---

पाऊसपाणी

छान धागा. ओटी म्हणजे नक्की काय ते आज कळलं. आमच्या वडिलांच्या हाताला 'त्या ताई' चमच्याच्या दांड्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवून द्यायच्या, त्या ओटी होत्या तर. बाबा त्या चमच्याने शेवटपर्यंत स्वतः जेवले. वाचतेय.

---

संत्रानगरी

मृण्मयीताई, नागपूरहून लिहिते आहे. आमच्या मेडिकल कॉलेजातली ओटीची शाळा १९५८ पासूनची, आणि तिच्यामागे ज्या बाई होत्या त्यांच्याबद्दल इथे लिहायलाच हवं, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांच्या आयुष्यात आहे.

कमलाबाई निंबकर. मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी, जन्म १९०० चा. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. चाळिशी उलटून गेल्यावर त्या परत अमेरिकेला गेल्या, फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि परत आल्या. १९४८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये विभाग सुरू केला, १९५० मध्ये तिथेच शाळा. १९५२ मध्ये देशपातळीवरची संघटना उभी केली, आणि त्याच वर्षी ऑक्युपेशनल थेरपीचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. इंग्लंड-अमेरिकेच्या बरोबरीने. तेव्हा आपल्याकडे शिकून बाहेर पडलेले थेरपिस्ट किती असतील याचा विचार करा!

फलटणकडच्या लोकांना हे नाव कमला निंबकर बालभवन या शाळेमुळे माहीत असेल. तिथली निंबकर कृषी संशोधन संस्था उभी करणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. पण त्या नावामागचा ओटीचा धागा फार कमी जणांना ठाऊक असतो.

मला त्यांच्यात काय भावतं सांगू? त्यांनी आधी विभाग काढला, मग शाळा, मग संघटना, मग जागतिक संस्थेत जागा. एकेक पायरी. आपण मात्र त्या पायऱ्यांवर सत्तर वर्षं बसून आहोत. विभाग आहेत, शाळा आहेत, संघटना आहे, संघटनेचं स्वतःचं जर्नल आहे. पुढची पायरी संशोधनाची होती. तिथे आपण फार हळू चढतो आहोत.

---

यॉर्कशायरकर

मी मुंबईतून बीओटीएच, म्हणजे ओटीची पदवी, करून इंग्लंडला आलो, आता बारा वर्षं एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. इथलं थोडं सांगतो, तुलना म्हणून नव्हे, उपयोग होईल म्हणून.

इथे नोकरी बँड ५ या पगारश्रेणीपासून सुरू होते. सुरुवातीची वर्षं रोटेशन: काही महिने स्ट्रोक वॉर्ड, काही महिने मानसिक आरोग्य, काही महिने घरोघरी जाऊन. पहिल्याच वर्षी माझ्या सुपरवायझरने कागदावर चार खांब काढून दाखवले. रुग्णसेवा, शिकवणं, नेतृत्व, संशोधन. म्हणाली, वर जायचं असेल तर चारही खांबांवर काही ना काही वजन हवं, फक्त पहिला उंच करून चालणार नाही. हे चार खांब इथल्या व्यावसायिक संघटनेच्या करिअरच्या आराखड्यातच आहेत. त्यामुळे दरवर्षी मूल्यमापनात मला विचारतात, तू यंदा काय मोजलंस? कोणाला शिकवलंस? कोणती गोष्ट बदललीस?

दुसरी गोष्ट पैशाची. एनआयएचआर नावाची सरकारी संशोधन यंत्रणा थेरपिस्टला पीएचडीसाठी फेलोशिप देते. त्यात पगार मिळत राहतो. माझी एक सहकारी आठवड्याचे काही दिवस वॉर्डात आणि बाकीचे विद्यापीठात असायची. नोकरी सोडावी लागली नाही, घराचे हप्ते थांबले नाहीत. आपल्याकडे हुशार माणसं संशोधनाकडे वळत नाहीत याचं कारण आवड नसणं हे नाहीच. पीएचडीची वर्षं बिनपगारी काढायची कशी, हा प्रश्न असतो.

इथेही सगळं गोड नाही. वॉर्डात माणसं कमी पडली की संशोधनाचा दिवस पहिला कापला जातो. तो वाचवण्यासाठी भांडायला लागतं, आणि ते भांडण मला इथे शिकायला मिळालं.

---

कर्वेरोड_क्लिनिक

मी पुण्यात मुलांचं सेंटर चालवते. थोडं वेगळं मत मांडते, राग मानू नका.

सरकारी नोकरीत असणाऱ्यांना नोंदी ठेवायला निदान रजिस्टर तरी असतं. माझ्याकडे सकाळी नऊ ते रात्री आठ पाऊण-पाऊण तासाची सेशन्स. जागेचं भाडं, चार मुलींचे पगार, झोके आणि थेरपी बॉल घेतले त्याचं कर्ज. संशोधन मी कधी करू? आणि केलं तर कोणासाठी? पालक विचारतात तो प्रश्न एकच असतो: माझं मूल कधी बोलेल, शाळेत कधी बसेल? त्यांना पेपर नको असतो.

नेतृत्वाचं म्हणाल तर मी चार मुलींना रोजगार दिला, वीस-बावीस विद्यार्थिनींना शिकवलं. हे नेतृत्व नाही का?

---

मृण्मयी_ओटी

आहेच, नक्कीच आहे. राग कसला! माझ्या बॅचच्या दोघींनी स्वतःची सेंटर्स उभी केली, तेव्हा मी त्यांचे हाल जवळून पाहिले आहेत. प्रश्न वेळेचाच आहे, हे मान्य. पण पालक जो प्रश्न विचारतात तोच मला संशोधनाचा प्रश्न वाटतो.

---

अर्जुनची_आई

मी थेरपिस्ट नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. वरचं वाचून राहवलं नाही म्हणून आयडी काढला.

ताई, आम्हाला पेपर नको असतो असं म्हणालात. मला हवा होता. तीन वर्षांचा असताना आम्ही एका शहरात एका सेंटरला जायचो. नाव सांगत नाही. तिथे सांगितलं, सहा महिने रोज झोका आणि ब्रशिंग (मऊ ब्रशने अंग घासणं) केलं की डोळ्यात डोळे घालून बघायला लागेल. आम्ही मंगळसूत्र सोडून सगळे दागिने मोडले. सहा महिन्यांनी विचारलं, काय बदललं? तर म्हणाले, "बराच फरक आहे." किती? कशात? आधी काय होतं? काहीच लिहिलेलं नव्हतं. मीच वहीत लिहीत होते, किती वेळा रडला, किती वाजता झोपला. माझी वही त्यांनी कधी मागितली नाही.

आता ज्या ताईंकडे जातो त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, "तुम्हाला घरात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" मी म्हटलं, डोक्यावरून पाणी घेत नाही, अंघोळीला अर्धा तास किंचाळतो. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. दर पंधरा दिवसांनी विचारायच्या, आता किती मिनिटं? पंधरा झाली, मग आठ झाली. आता तांब्याने स्वतः घेतो. मला याला संशोधन म्हणतात की नाही माहीत नाही.

---

तळमजला

अर्जुनच्या आई, तुमच्या वहीबद्दल वाचून गलबलून आलं. आणि हो, याला संशोधनच म्हणतात. अगदी शास्त्रशुद्ध नाव आहे त्याला, एका रुग्णावरची अभ्यासपद्धती. आधी काही दिवस नुसतं मोजायचं, मग उपचार सुरू करून मोजत राहायचं. तुम्ही पहिला भाग एकटीने केलात.

मी ओटीत पीएचडी केली आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

झोक्यामागचं सेन्सरी इंटिग्रेशन, म्हणजे स्पर्श, तोल वगैरे संवेदनांची मेंदूत नीट सांगड घालणं, हे ज्यांनी मांडलं त्या जीन एअर्स स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. क्लिनिकमध्ये समोर येणाऱ्या मुलांना लिहिताना, तोल सांभाळताना का अडचण येते, हा प्रश्न त्यांना पडला. त्यासाठी त्या परत शिकल्या, पीएचडी केली, चाचण्या तयार केल्या, १९७२ मध्ये पुस्तक लिहिलं. आज प्रत्येक सेंटरमध्ये झोका टांगलेला दिसतो, पण झोक्यामागची ती वीसेक वर्षांची मोजदाद दिसत नाही. आणि त्या उपचारावरचा, घालून दिलेली पद्धत काटेकोर पाळून केलेला एक चांगला नियंत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला २०१४ मध्ये, तोही ३२ मुलांवर. त्यात पालकांनी ठरवलेल्या उद्दिष्टांत उपचार घेतलेली मुलं पुढे गेली. ३२ मुलं! पुण्यातल्या एका सेंटरमध्ये वर्षभरात याहून जास्त मुलं येत असतील. म्हणजे कर्वेरोडताई, तुमच्याकडे जे आहे ते जगात फार थोड्यांकडे आहे. नोंदी नाहीत म्हणून ते वाहून जातंय.

दुसरं उदाहरण मला फार आवडतं. लॉस एंजेलिसमध्ये फ्लॉरेन्स क्लार्क आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या ३६१ माणसांवर अभ्यास केला. तीन गट. एका गटाला नऊ महिने ओटी: बसने कसं जायचं, दिवसाची आखणी कशी करायची, घरात पडू नये म्हणून काय करायचं. दुसऱ्या गटाला नुसते गटात खेळ, सिनेमा, सहली. तिसऱ्याला काहीच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात फरक पडला नाही. पहिल्या गटाची तब्येत, कामकाज, आयुष्याबद्दलचं समाधान सुधारलं. १९९७ मध्ये हे 'जामा' या अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ओटी म्हणजे माणसांना कशात तरी गुंतवून ठेवणं, असं जे लोकांना वाटतं त्याला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. नुसतं गुंतवून ठेवून काही होत नाही हे त्यांनी मोजून दाखवलं. याच क्लार्कबाई पुढे अमेरिकेच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. मृण्मयीताई, तुमचा मुद्दा तोच आहे ना, नोंद आधी आणि खुर्ची नंतर.

आणि उत्तर 'नाही' आलं तरी घाबरायचं नाही. भारतात पक्षाघाताच्या रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली. १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्या माणसांना पुनर्वसन शिकवून घरीच करून घ्यायचं. कल्पना किती चांगली वाटते! २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा नाही. ते वाचून मी आठवडाभर अस्वस्थ होतो. पण नंतर वाटलं, हे कळलं नसतं तर आपण गावोगावी तेच सांगत फिरलो असतो आणि सगळं ओझं घरच्या बाईवर टाकून मोकळे झालो असतो.

---

मांडवीकाठ

गोव्यातून. ऑटिझमचा विषय निघाला म्हणून: आमच्याकडे 'संगत' या संस्थेने 'पास' नावाचा अभ्यास केला होता, गोवा आणि रावळपिंडी दोन्हीकडे मिळून ६५ मुलं. इंग्लंडमधली पालकांना शिकवायची पद्धत आपल्याकडे बसवून घेतली, आणि ती दिली तज्ज्ञ नसलेल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी, घरी जाऊन. पालक मुलाशी कसे वागतात यात आणि मूल स्वतःहून संवाद कसं सुरू करतं यात सुधारणा दिसली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मी त्यात नव्हते, पण त्या काळात बोलणं ऐकायचे. आया कोकणीत बोलायच्या, कार्यकर्त्याही त्यांच्याच वाड्यातल्या वाटाव्यात अशा. मोठा अभ्यास मोठ्याच शहरात होतो असं नाही.

---

शेवटचंवर्ष_बीओटीएच

मी चौथ्या वर्षाला आहे. मला खरंच विचारायचं आहे, सगळे सीनियर आहात म्हणून.

आमचा प्रोजेक्ट असतो. विषय बहुतेक सीनियर्सच्या जुन्या प्रोजेक्टवरून घेतात: दोन चाचण्यांची तुलना, किंवा 'शहरातल्या लोकांमध्ये ओटीची जागरूकता' असा सर्व्हे. शंभर गुगल फॉर्म भरून घ्यायचे, बांधणी करायची, ग्रंथालयात ठेवायची. मला हे करायचं नाही. आणि वैद्यकीयच्या मुलांना आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती असते, ती आखली गेली एमबीबीएस आणि बीडीएससाठी. आम्ही कोणाकडे बघायचं?

---

मृण्मयी_ओटी

बाळा, तुझा प्रश्न वाचून आमच्या इंटर्नचा चेहरा आठवला.

एक करून बघ. वॉर्डात जा, आणि रुग्णाने सांगितलेलं एखादं काम घे जे आपल्या कुठल्याच परीक्षापत्रकात नाही. बार्थेल १९६५ मध्ये अमेरिकेत छापून आला. त्यात संडासाला जाणं आहे, पण उकिडवं बसणं नाही. जमिनीवर बसून उठणं नाही. आपल्या अर्ध्या रुग्णांचं घर पाटावर चालतं. पाठ टेकायला काही नसताना मांडी घालून जेवणं, पाणी शेंदणं, विळीवर भाजी चिरणं, पाचवारी नेसणं, यातलं काहीच नाही. निऱ्या कराव्या लागतात तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांनी किती काम होतं ते कधी बघ. निरी घालताना अंगठा आणि तर्जनीचा चिमटा धरून दुसऱ्या हाताने कापड सारखं ओढावं लागतं, आणि नजर खाली असते, म्हणजे तोलही सांभाळायचा. पक्षाघातानंतर सगळ्यात आधी जातं ते हेच, आणि बाई गाऊन घालायला लागते, आणि गाऊन घातला की देवळात जात नाही, लग्नाला जात नाही. तिचं घराबाहेर पडणं एका निरीपाशी अडलेलं असतं. हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

कॅनडात तयार झालेली सीओपीएम नावाची पद्धत आहे, तिच्यात रुग्ण स्वतः पाच महत्त्वाची कामं सांगतो आणि प्रत्येकाला एक ते दहा गुण देतो, एकदा 'जमतं किती' यासाठी आणि एकदा 'समाधान किती' यासाठी. दोन गुणांचा फरक पडला तर तो खरा फरक मानतात. ती शीक. माझ्या काकूंचा भाकरीचा आकडा तेव्हा मी विचारला असता तर दोनावरून आठावर गेला असता. मी विचारलं नाही.

---

तळमजला

+१. यात भर घालतो. जपानमध्येही हेच झालं होतं. अमेरिकेतून आलेले सिद्धान्त तिथल्या थेरपिस्टना आपल्या माणसांना लागू पडेनात. मग मायकेल इवामा आणि तिथल्या थेरपिस्टनी मिळून नदीची कल्पना घेतली. आयुष्य म्हणजे नदी, अडचणी म्हणजे खडक, स्वभाव आणि साधनं म्हणजे वाहून आलेली लाकडं, आजूबाजूची माणसं म्हणजे काठ आणि तळ. त्याला 'कावा' म्हणजे नदी असंच नाव दिलं, २००६ मध्ये पुस्तक आलं, आता जगभर शिकवतात. आपल्याकडे तर प्रत्येक गावाला नदी आहे.

विद्यार्थिनीला व्यवहाराच्या चार गोष्टी: एक, कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी, रुग्ण नंतर. दोन, उपचाराची चाचणी असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर नोंदणी कर, २००७ पासून ही उपचारांच्या चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही आहे आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. तीन, संमतिपत्र मराठीत असावं, आणि मोठ्याने वाचून दाखवावं. चार, आपल्या संघटनेचं जर्नल आहे, त्याच्या जुन्या अंकांत कोण काय लिहितं ते वाचून मग विषय ठरव.

---

डॉ_अस्थिव्यंग

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. हाताच्या शस्त्रक्रिया करतो. इथे एक बाजू मांडायला हवी.

फ्लेक्सर टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, शिवला की माझं काम तासा-दोन तासांत संपतं. पुढचे तीन महिने तो हात ओटीच्या ताब्यात असतो. स्प्लिंट किती अंशात वाकवलाय, दिवसातून किती वेळा बोट हलवायचं, यावर माझी शस्त्रक्रिया टिकते किंवा तुटते. मी हे पंचवीस वर्षं पाहतो आहे. तरी माझ्या पेपरांमध्ये थेरपिस्टचं नाव मी किती वेळा लेखक म्हणून घातलं? दोनदा. बाकी ठिकाणी शेवटी 'आभार'. हे चूक होतं, आज हा धागा वाचून जास्तच जाणवलं.

माझी विनंती अशी की, तुम्ही आमच्याकडे आकडे घेऊन या. गोनिओमीटरची (सांधा किती अंश वाकतो त्याची) मोजणी, पकडीची ताकद, रुग्ण किती दिवसांनी कामावर गेला. डॉक्टर आकड्यांशी भांडत नाहीत. आणि डॉक्टरांनीही अभ्यासाची आखणी करताना थेरपिस्टला पहिल्या दिवशी बोलवावं, नंतर मोजमाप करून द्यायला नव्हे.

---

संत्रानगरी

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. हे इतक्या स्पष्टपणे कोणी लिहिलेलं मी तरी वाचलं नव्हतं.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्रात ओटी आणि फिजिओच्या परिषदेचा कायदा २००२ चाच आहे, त्यामुळे नोंदणीची सवय आपल्याला आहे. २०२१ च्या केंद्राच्या कायद्याने आता देशभर व्यवसायोपचाराला आरोग्यव्यवसायांतला स्वतंत्र वर्ग म्हणून जागा मिळाली. अभ्यासक्रम, दर्जा, नोंदणी हे सगळं आता राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदांच्या टेबलावर ठरणार. तिथे बसायला माणसं लागतील, आपल्यातलीच लागतील. मला काळजी एवढीच वाटते की त्या टेबलावर आपली माणसं मृण्मयीताईंच्या त्या बैठकीसारखी नुसती रजिस्टरं घेऊन जाऊ नयेत.

---

कर्वेरोड_क्लिनिक

काल रात्री अर्जुनच्या आईंचा प्रतिसाद तीनदा वाचला. माझं म्हणणं मागे घेते, निदान अर्धं तरी.

आज सकाळी स्टाफच्या चौघींना बसवलं. ठरवलं की नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांना पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारायच्या, त्यांच्याच शब्दांत लिहायच्या, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी परत विचारायच्या. दहा मिनिटं लागतील. एका मुलीने विचारलं, सुधारणा नाही दिसली तर पालक सोडून जातील ना? मला क्षणभर पोटात गोळा आला. पण मग म्हटलं, नाही दिसली तर आपल्याला ते त्यांच्याआधी कळायला हवं.

---

यॉर्कशायरकर

हे फार मोठं पाऊल आहे, ताई.

मी एक सुचवू का? आपण इथे सातआठ ओटीवाले जमलो आहोत: मुंबई, नागपूर, पुणे, गोवा आणि मी. वेगवेगळी परीक्षापत्रकं नकोत. आपल्या माणसांच्या घरातल्या कामांची एक यादी करू. बार्थेलमध्ये नसलेली कामं. मग प्रत्येकाने आपल्या ठिकाणच्या रुग्णांना विचारायचं, यातली कोणती तुम्हाला लागतात. तळमजला यांनी एथिक्सच्या अर्जाचा मसुदा बघून द्यावा. मला यादी आणि आकडेमोड सांभाळायला आवडेल. सुट्टीचे दिवस माझ्याकडे आहेत.

---

तळमजला

मसुदा माझ्याकडे लागला. पण परवानगी प्रत्येक संस्थेची वेगळी घ्यावी लागेल, आणि परवानगी मिळेपर्यंत कोणीही रुग्णांची माहिती इथे टाकू नये. कामांची नुसती नावं टाकायला हरकत नाही.

---

मृण्मयी_ओटी

डोळे भरून आले हे सगळं वाचताना. उद्या हा धागा इंटर्नला दाखवणार आहे.

मग यादी इथेच सुरू करू. माझ्याकडून: भाकरी थापणे. पाचवारीच्या निऱ्या घालणे. उकिडवं बसून उठणे. गर्दीच्या लोकलमध्ये खांब धरून चढणे.

---

संत्रानगरी

शेणाने अंगण सारवणे. कापूस वेचणे (आमच्याकडे हे फार येतं, बोटांच्या टोकांचं काम आहे). सायकलवर दुधाचा कॅन बांधणे.

---

मांडवीकाठ

नारळ किसणे, आदोळीवर (आमच्याकडची विळी) बसून. मासे साफ करणे. होडीत पाय टाकणे.

---

शेवटचंवर्ष_बीओटीएच

केसांचा अंबाडा घालणे. मोबाइलवर मराठीत टाइप करणे. आणि माझ्या आजोबांसाठी, धोतर नेसणे. माझा प्रोजेक्ट यातूनच करते, गाइडना उद्या विचारते.

---

पाऊसपाणी

थेरपिस्ट नाही, पण बाबांचं एक घालू का? देवापुढे निरांजनाची वात वळणे. ते राहून गेलं होतं.

---

अर्जुनची_आई

मुलांसाठी पण आहे ना यादी? मग माझं लिहून घ्या. शाळेच्या डब्याचं झाकण उघडणे. स्टीलचा, घट्ट बसतो तो. बाईंना हाक मारावी लागते म्हणून अर्जुन डबा न खाता घरी आणतो.